खाजगी जेट विमानांच्या कसरती : कोणी प्रत्यक्ष पाहिल्यात का?

टॅम्पाकर (धागाकर्ता)

परवा धाकट्या भावाने जानेवारी २०२४ चा मरीन ड्राइव्हचा व्हिडिओ पाठवला. आपल्या हवाईदलाच्या सूर्यकिरण या कसरतीच्या टीमची विमानं समुद्रावरून येतायत, कठड्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि कोणाचं तरी पोरगं "बाबा खांद्यावर घ्या ना" म्हणून रडतंय. खाली भावाचा शेरा : "दादा, तुमच्या अमेरिकेत असलं बघितलंयस का?"

बघितलंय. फक्त मी बघितलेली सात विमानं कुठल्याच हवाईदलाची नव्हती. हे त्याला पटवण्यात अख्खा रविवार गेला, तेव्हा म्हटलं इथेच लिहून टाकावं.

एप्रिल २०१५. टॅम्पाहून तासाभरावर लेकलंड म्हणून गाव आहे. तिथल्या विमानतळावर दरवर्षी 'सन एन फन' नावाची हवाई जत्रा भरते. जत्राच म्हणायची. घडीच्या खुर्च्या, लिंबू सरबत, टोप्या विकणारे, आणि मधूनच दुसऱ्या महायुद्धातलं एखादं विमान धडधडत डोक्यावरून जातं. ऊन फ्लोरिडाचं, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या चिपळूणसारखं, अंगाला चिकटणारं. बायको आणि लेक तासाभरात कंटाळून सावलीला गेल्या. मी बसून राहिलो, कारण कार्यक्रमपत्रिकेत 'ब्रेटलिंग जेट टीम' असं होतं आणि घड्याळ कंपनीची विमानं म्हणजे काय हे मला बघायचं होतं.

आधी काही ऐकू आलंच नाही. डावीकडून झाडांच्या वर सात ठिपके दिसले, बघता बघता त्यांचा बाण झाला, आणि आवाज आला तो बाण समोरून गेल्यावर. सगळी एल-३९ अल्बाट्रॉस. विमानांमध्ये अंतर दोन-तीन मीटर. आपण पार्किंगमध्ये दोन गाड्यांत ठेवतो त्याहून थोडं जास्त. वेग ताशी ७०० किलोमीटरच्या घरात जातो. तो बाण तसाच्या तसा वर चढला, डोक्यावर उलटा झाला, खाली आला आणि पलीकडच्या टोकाला गेला. सातांतलं एकही जरासुद्धा हललं नाही. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

ही टीम फ्रान्सची, दिजाँ गावची (मोहरीवाल्या दिजाँची). म्होरक्या जाक बोथलाँ. हा माणूस १९८० च्या दशकापासून हेच करतोय. आधी मार्टिनी कंपनीच्या नावाने पंख्याच्या विमानांवर, मग एल-३९ घेतली तेव्हा खलिफा या अल्जेरियन उद्योगसमूहाच्या नावाने. तो समूह २००३ मध्ये बुडाला आणि बोथलाँला घड्याळवाले भेटले. पुढची सोळा-सतरा वर्षं जगातली सगळ्यात मोठी बिगरलष्करी जेट टीम म्हणून यांचंच नाव घेतलं जायचं. बाकीचे वैमानिक बहुतेक फ्रेंच हवाईदलातून बाहेर पडलेले.

आणखी कोणी असं काही पाहिलंय का? आणि जाणकारांना एक प्रश्न : खाजगी टीमवाले एल-३९ च का घेतात? कॅलिफोर्नियातली पेट्रियट्स, लात्वियातली बाल्टिक बीज, दोघांकडेही तीच.


कंटाळेश्वर

वर्णन झकास. पण एक भाबडा प्रश्न : देशाच्या हवाईदलाने केलं तर समजू शकतो, भरती होते, लोकांची छाती फुगते. घड्याळ विकायला सात जेट? याला आमच्याकडे पैशाचा धूर म्हणतात, आणि इथे तर तो खराखुरा दिसतोय.


ओझरकर

टॅम्पाकर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. मी ओझरच्या हवाईदलाच्या दुरुस्ती डेपोत मिगवर हाडं झिजवली. एल-३९ वर काम केलेलं नाही, पण एका परदेशी प्रदर्शनात तिचं पोट उघडलेलं अर्धा दिवस बघायला मिळालं होतं, आणि एकदा पोट बघितलं की माणूस असो वा विमान, ओळख पटते.

हे विमान चेकोस्लोव्हाकियाच्या एरो व्होदोखोडी कारखान्याचं. पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६८. वॉर्सा करारातल्या बहुतेक देशांना शिकाऊ वैमानिकांसाठी हेच विमान द्यायचं असं ठरलेलं, त्यामुळे जवळजवळ तीन हजार बनली. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर ती बाजारात आली आणि एखाद्या चांगल्या मोटरबोटीच्या किमतीत जेट मिळायला लागलं. हे पहिलं कारण.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. या विमानाच्या पोटात सफीर नावाचं एक छोटं टर्बाइन आहे. ते आधी चालू करायचं, त्याच्या दाबाच्या हवेने मोठं इंजिन फिरतं. म्हणजे बाहेरून गाडी आणून लावायला नको. आमच्याकडे मिगला सुरू करायचं म्हणजे वरातच असायची. ट्रॉली आली का, केबल लागली का, अमुक कुठे गेला चहा प्यायला. एल-३९ कुठल्याही आडगावच्या धावपट्टीवर उतरते आणि स्वतःची स्वतः सुरू होऊन निघते. गावोगाव फिरणाऱ्या टीमला अजून काय पाहिजे? चाकंही दणकट, गवतावरून उठायच्या हिशेबाने केलेली.

आता उणी बाजू. इंजिन झापोरिझ्झ्याचं, एआय-२५टीएल. याचंच भावंड याक-४० या छोट्या प्रवासी विमानाला होतं. जोर सुमारे १७२० किलो. विमान भरलेलं साडेचार टनांच्या आसपास, म्हणजे जोर बेताचाच. शिवाय इंजिन आळशी. थ्रॉटल मागून पुढे ढकलला तर पूर्ण जोर यायला आठ-दहा सेकंद. शेजारच्या पंखापासून तीन मीटरवर उडताना दहा सेकंद म्हणजे दुसरा जन्म.

मग हे लोक उडतात कसे? म्होरक्याच्या हातावर. तो कधीच पूर्ण जोर लावत नाही आणि कधीच पूर्ण सोडत नाही. दोन्हीकडे थोडी जागा मागच्यांसाठी ठेवतो. वळायच्या आधी रेडिओवर एका लयीत सांगतो आणि मग इतकं सावकाश वळतो की मागच्याला फक्त बोटभर हालचाल करावी लागते. मागचा पुढे बघतच नाही, त्याची नजर म्होरक्याच्या विमानावरच्या दोन खुणांवर. त्या एका रेषेत दिसल्या की तो जागेवर आहे. जमीन कुठे, आकाश कुठे, हे त्याला माहीतही नसतं. पखवाजवाल्याने लय धरली की टाळकरी डोळे मिटून खेळतात, तसं.

कंटाळेश्वर, तुमचं म्हणणं चूक नाही. उद्या लिहितो.


मांजराकाठ

ओझरकर काका, शेवटचं वाचून काटा आला अंगावर.

मी उदगीरचा, मामाचं घर बिदरला. सूर्यकिरण तिथेच १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांच्याकडे एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) किरण मार्क-२ होती. सुट्टीत सकाळी गच्चीवर गादी असायची आणि साडेसात-आठला सराव सुरू. मामी पापड वाळत घालायची. ती वर न बघताच सांगायची, "आज सहाच आहेत." आवाजावरून! आम्ही मोजायचो तर खरंच सहा.

आम्हा पोरांना वाटायचं सगळ्याच गावांवरून रोज अशी विमानं जातात. लातूरला शाळेत आल्यावर कळलं की नाही.

किरण आणि ही एल-३९ साधारण सारखीच का?


ओझरकर

पिढी तीच. किरणचं पहिलं उड्डाण १९६४ मधलं. पण किरणमध्ये गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे नाक बेडकासारखं रुंद. एल-३९ मध्ये एकामागे एक, म्हणून ती सुरईसारखी निमुळती दिसते. मागची सीट उंच, गुरुजींना शिष्याच्या डोक्यावरून दिसावं म्हणून. मार्क-२ ला ऑर्फियस इंजिन होतं, आवाज चांगलाच कर्कश. तुमच्या मामींचा कान मात्र आमच्या लाइनवर कामाला आला असता.


टॅम्पाकर

कंटाळेश्वर, पैशाचा धूर हे खरंच आहे, आणि मला वाटतं या विषयाची खरी गंमत तिथेच आहे. सूर्यकिरणच्या वैमानिकाला इंधन कुठून येईल याची चिंता नसते. बोथलाँला आयुष्यभर होती. या माणसाचं निम्मं कसब विमानात आणि निम्मं कंपन्यांच्या बैठकीत. विमानांच्या शेपटीवर रंग कोणाचा, हे त्या त्या वर्षी कोण पैसे देतं त्यावर.

एक मजा सांगतो. या विमानांच्या अंगावर नोंदणीची अक्षरं 'ईएस' ने सुरू होतात. ईएस म्हणजे एस्टोनिया. तर हिशेब असा : टीम फ्रान्सची, पैसा स्वित्झर्लंडचा, विमान चेकोस्लोव्हाकियाचं (जो देशच आता नाही), इंजिन युक्रेनचं आणि पासिंग एस्टोनियाचं.


कंटाळेश्वर

म्हणजे पाँडिचेरी पासिंगची मर्सिडीज. आता कळलं, आपलेच लोक आहेत.


टॅम्पाकर

हाहा. अगदी.

पण एवढ्या चिंतेतूनही काय काय केलंय बघा. २०११ मध्ये आल्प्सवर यांच्या दोन विमानांमध्ये एक माणूस उडाला. माणूस म्हणजे माणूसच, पाठीला पंख आणि चार छोटी जेट इंजिनं बांधलेला ईव्ह रॉसी. त्याच्या वेगाला जुळवून घ्यायला एल-३९ ना शक्य तितकं सावकाश उडावं लागलं असणार. २०१३ मध्ये आशियाचा दौरा, २०१५ आणि १६ अमेरिकेचा. मी बघितलं ते त्या अमेरिकन दौऱ्याच्या अगदी सुरुवातीचं.

२०१७ मध्ये घड्याळ कंपनीत नवे साहेब आले, कंपनीने विमानांवरचा भर कमी केला, आणि २०१९ च्या हंगामानंतर करार संपला. एकही अपघात नाही, वैमानिक म्हातारे झाले नाहीत, विमानं मोडली नाहीत. जाहिरातीचं धोरण बदललं, बस्स. सरकारी टीम बंद करायची तर संसदेत प्रश्न येतो.


वास्कोची_पोर

सरकारी टीमही बंद पडते हो, टॅम्पाकर दादा.

आमच्या गोव्यात दाबोळीला नौदलाची सागर पवन होती. चार किरण विमानं, गडद निळी-पांढरी. नौदल दिनाच्या आधी आमच्या घरावरूनच सराव चालायचा. आई म्हणायची, आता झालं, आता काचा फुटतील. ३ मार्च २०१० ला हैदराबादला बेगमपेटच्या प्रदर्शनात त्यातलं एक विमान इमारतीवर कोसळलं. दोघेही अधिकारी गेले. त्यानंतर सागर पवन आम्ही परत पाहिली नाही. त्या डिसेंबरात आई अंगणात उभी राहून वर बघत होती, मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली काही नाही, कपडे वाळत घालत होते. हातात कपडे नव्हते.

म्हणून मला या सगळ्याकडे नुसतं "वा वा" करून बघता येत नाही. आणि खाजगी टीम असेल तर बघायला आलेल्या लोकांची काळजी कोण घेतं?


ओझरकर

ताई, प्रश्न रास्त आहे. मीही एकदम उत्तर देणार नाही.

हल्लीचे नियम बरेचसे एका दिवसातून आलेत. २८ ऑगस्ट १९८८, पश्चिम जर्मनीतलं रामस्टाइन. इटालियन हवाईदलाची फ्रेचे त्रिकोलोरी टीम धुराने बदाम काढत होती आणि एक विमान तो बदाम छेदत लोकांच्या दिशेने येणार होतं. तीन विमानं एकमेकांवर आदळली आणि छेदणारं विमान गर्दीत पडलं. तीन वैमानिक धरून ७० माणसं गेली. यातला मुद्दा टक्कर नाही. टक्कर होऊ शकते हे गृहीतच धरायचं. मुद्दा हा की विमानाचं नाक लोकांकडे होतं. तुटलेलं विमानही ज्या दिशेला निघालंय त्याच दिशेला जातं. म्हणून कसरती गर्दीला समांतर किंवा गर्दीपासून दूर जाणाऱ्या असतात, आणि वेगवान जेटसाठी अमेरिकेत प्रेक्षकांच्या रेषेपासून १५०० फूट अंतर ठेवावं लागतं. हे खाजगी-सरकारी दोघांनाही लागू.

तरी भोकं राहतात. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला एका खाजगी मालकीच्या जुन्या हंटर विमानाने लूप (उभा गोल) घेतला, वर पोचेपर्यंत पुरेशी उंची मिळाली नव्हती, तरी खाली वळवलं. विमान शेजारच्या हमरस्त्यावर पडलं. अकरा जण गेले, आणि हे लोक विमानतळाच्या कुंपणाबाहेरचे. नियम प्रेक्षकांना राखत होते, रस्त्यावरच्यांना नाही. त्यानंतर तिथे जुन्या जेटना जमिनीवर कसरती करायला मनाई झाली, सरळ उडत जा म्हणाले.

लूपला वर एक 'फाटक' असतं. अमुक उंची, अमुक वेग. दोन्ही मिळाले तरच खाली यायचं, नाहीतर विमान सरळ करून निघून जायचं. बघणाऱ्याला ते फसलेलं वाटतं, शिट्ट्या वाजत नाहीत. मला मात्र असा अर्ध्यावर सोडलेला लूप दिसला की बरं वाटतं.


मागच्या_सीटवर

मी वाचनमात्र, पण आता राहवत नाही. एल-३९ मध्ये पैसे भरून बसलोय. (देश आणि कंपनी सांगत नाही, कारण शेवटी भांडण झालं.)

आधी कागदांवर सह्या घेतल्या, इतक्या की गृहकर्जाला नव्हत्या. मग शिडीने चढून मागच्या सीटवर. रॉकेलचा वास, आमच्या लहानपणीच्या स्टोव्हचा. छत बाजूला उघडतं, आणि ते हातानेच ओढून बंद करायचं. समोर उंची मीटरमध्ये आणि वेग किलोमीटरमध्ये दाखवणारे मूळचे काटे, रशियन अक्षरं, त्यावर कोणीतरी लेबल चिकटवलेली. एक पट्टी अर्धी सुटून हवेत लटकत होती, तिच्याकडे मी सगळी फेरी बघत राहिलो.

जमिनीवर चालवताना पुढचं चाक नुसतं कॅस्टरचं, ऑफिसच्या खुर्चीसारखं. दांड्यावरची ब्रेकची पकड दाबायची आणि पायाने कुठल्या चाकाला किती ते ठरवायचं. त्यामुळे विमान धावपट्टीपर्यंत बदकासारखं डुलत जातं. वर गेल्यावर वैमानिक म्हणाला, पोट आवळ, आता चार जी, म्हणजे वजन चौपट. माझं वजन ८२. म्हणजे तीन क्विंटलहून जास्त. हात मांडीवर होता तो उचलताच येईना. गाल खाली ओघळले. नजरेच्या कडा करड्या व्हायला लागल्या. जेमतेम काही सेकंद. या टीमवाले आठपर्यंत जातात असं म्हणतात, आणि तेही दुसऱ्याच्या पंखावर नजर ठेवून. मी त्या लटकणाऱ्या पट्टीवरसुद्धा ठेवू शकलो नाही.

भांडण कशावरून, तर व्हिडिओचे वेगळे पैसे घेतले आणि कार्ड रिकामं निघालं. "पुन्हा या, सवलत देऊ" म्हणाले. पुन्हा? पिशवी वापरली होती मी.


कंटाळेश्वर

तुमचा प्रतिसाद वाचून चहा सांडला.

बरं, मी हळूहळू वळतोय असं समजा. तो पांढरा धूर म्हणजे इंजिन खराब असतं का? आमच्या टेम्पोचं तसं असतं.


ओझरकर

नाही हो. वेगळ्या टाकीतलं डिझेल किंवा हलकं तेल नळीने इंजिनाच्या मागे, गरम झोतात सोडतात. जळत नाही, वाफ होते, आणि थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात. म्हणजे तो धूर नाहीच, धुकं आहे. वैमानिकाच्या हातात बटण असतं. रंग हवा तर त्यात रंग मिसळायचा. धुरामुळे बघणाऱ्याला वाट दिसते, आणि दूर गेलेल्या गटाला दुसरा गट कुठे आहे ते कळतं, हा खरा उपयोग.

आता थोडी फुशारकी. सूर्यकिरण आता हॉक मार्क-१३२ वर आहे, आणि तिरंगा काढणाऱ्या त्यांच्या धुराच्या टाक्या आमच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत बनल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण मरीन ड्राइव्हच्या व्हिडिओत केशरी रेघ निघाली तेव्हा मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "हे आमचं." कोणीतरी अंगठा दाखवला. बाकी सगळे पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते.


मांजराकाठ

काका, आमच्याकडून दहा अंगठे.

आपल्याकडे अशी खाजगी टीम होईल का कधी?


ओझरकर

मला नाही वाटत. आपल्याकडे निवृत्त विमान चौकातल्या चौथऱ्यावर चढतं, नाहीतर संग्रहालयात जातं. वास्कोच्या ताईंना विचारा, बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सी हॉक आणि अलीझे उन्हापावसात उभी आहेत. फ्रान्समध्ये त्याच वयाची फूगा मॅजिस्टर घेऊन पात्रुई त्रांशां नावाची खाजगी टीम उभी राहिली. फरक पैशाचा आहेच, पण विमान विकत घेऊन ते नीट ठेवणारे खाजगी मेकॅनिक, सुटे भाग आणि परवाना देणारं खातं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या मुरावं लागतं. लोणचं आहे ते.


वास्कोची_पोर

सी हॉकच्या चाकाला टेकून आमचा शाळेच्या सहलीचा फोटो आहे. शोधून टाकते.

टॅम्पाकर दादा, तुम्ही एवढं लिहिलंत, तुमचा फोटो कुठेय?


टॅम्पाकर

टाकलाय वर, धाग्याच्या सुरुवातीला. फोन जुना होता, सांभाळून घ्या.


कंटाळेश्वर

मोजली. सहाच आहेत. बिदरच्या मामींना बोलवा.


टॅम्पाकर

उजव्या कोपऱ्यात निळी टोपी दिसतेय का? मांडीवर ठेवायच्या आधीची. सातवं तिच्या मागे आहे.